मंगळावरचा मुलतानी

बेगम पेठेतल्या खाजाभाईंचं क्लॅरोनेट कानावर पडलं नाही असं घर सोलापुरात नव्हतं, आणि ते ऐकलं असंही एक घर नव्हतं. तीस वर्षं त्यांचा शाही ब्रास बँड वरातीपुढं चालत आला होता. लोक नाचत, शिट्ट्या मारत, एकमेकांच्या पायावर पाय देत. ऐकायला सवड कुणाला? मन लावून ऐकणारा आजवर एकच निघाला, तो म्हणजे नवऱ्याचा घोडा. नवरदेव मांडवापाशी उतरला तरी हा पठ्ठ्या बँडच्या मागं मागं पार वळसंगपर्यंत गेला, आणि तिथल्या वरातीतला नवरा पाठीवर घेऊनच थांबला. खाजाभाई ही हकिकत रंगवून सांगत. त्यांची बायको हुसेनबी तेवढी हसत नसे. घोड्याचं झालं, माणसाचं कधी, असं ती विचारी.

खाजाभाईंच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. एकदा तरी स्टेजवर खुर्ची टाकून बसायचं, समोर माणसं बसलेली असावीत, आणि त्यांना अख्खा मुलतानी ऐकवायचा. बारा वर्षं हा राग त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तुकड्यातुकड्यानं घोटला होता. सबंध असा तो हुसेनबीनंही कधी ऐकला नव्हता. जिस दिन पूरा बजाओगे उस दिन पहली कुर्सी मेरी, असं तिनं सांगून ठेवलं होतं. ती खुर्ची बारा वर्षं रिकामी होती.

शहात्तर साली मंगळावर यान उतरलं आणि त्याचा पहिला हादरा नवी पेठेत बसला. तिथं मानसिंगराव करमाळकर भाड्यानं पुस्तकं देत. मंगळावरच्या वाळवंटाची त्यांना खडान्‌खडा माहिती. घरच्या नळाला पाणी किती वाजता येतं, ते मात्र बायकोला विचारावं लागे. त्यांनी विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या शौकिनांचा मेळावा जाहीर केला. दिवस निवडला पितृपंधरवड्यातला, कारण त्या दिवसांत लग्नं नसतात, त्यामुळं हॉलही मोकळा आणि बँडही मोकळा. चंद्राच्या पलीकडं बघणारा माणूस पंचांग बघायला विसरला नाही, हे कौतुकाचंच.

मानसिंगरावांची अट एवढीच, की संगीत पृथ्वीवरचं नको. खाजाभाईंनी अदबीनं सांगितलं, की आपल्याकडं एक चीज आहे, ती तीस वर्षांत एकाही वरातीत कुणी मागितलेली नाही. मानसिंगराव म्हणाले, मग ती परग्रहावरचीच.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी चारला बँड दारात आला. लाल कोट, सोनेरी फीत, खांद्यावर झुलते गोंडे. दारावरच्या स्वयंसेवकानं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "कुठल्या ग्रहाचे?"

"बेगम पेठ," खाजाभाई म्हणाले. त्यानं तसं लिहून घेतलं.

आत कथांमधली नाना सोंगं घेऊन सगळा गोतावळा जमला होता. एक जादूगार सोलापुरी चादर पांघरून घामानं निथळत होता. जादूनं एवढा उकाडा काही हटत नव्हता. एकानं शेंगतेलाचा डबा डोक्यात घातला होता आणि डोळ्यांसाठी भोकं पाडायचं विसरला होता, म्हणून त्याला दुसरा धरून हिंडवत होता. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, बुरख्याचा पडदा मागं टाकून हुसेनबी बसली होती.

स्टेजवर नऊ खुर्च्या मांडलेल्या. बँड बसला. खाजाभाईंनी डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. तो बरा लागला. मग ड्रम आला, आणि तिथंच घोटाळा झाला.

मोठा ड्रम सिद्धप्पाकडं. वीस वर्षं त्याचा डावा पाय पडला की टिपरी पडत आलेली. त्याला मात्रा कुणी शिकवल्याच नव्हत्या; त्या रस्त्यानं शिकवल्या होत्या. आता पाय खुर्चीखाली निवांत पडून होते आणि हातांना हुकूम द्यायला कुणी नव्हतं. टिपरी कधी आधी पडे, कधी नंतर, कधी पडतच नसे. पितळी भोंगा वाजवणारा नबीलाल दर चौथ्या पावलाला श्वास घेणारा. पाऊलच नाही, तर बिचाऱ्यानं श्वास तरी कुठं घ्यावा? तो जांभळा पडला, मग भोंग्यातून एकदम म्हशीसारखा सूर निघाला. त्यांना गाठता गाठता खाजाभाईंचं स्वतःचं क्लॅरोनेट घसरलं. मुलतानी कुठं गेला, ते मुलतानीलाही कळलं नाही.

"मास्तर, पाय बसलं की हातबी बसतंय बगा," सिद्धप्पा घाम पुसत कुजबुजला.

कसंबसं संपवून खाजाभाई मान खाली घालून बसले, आता चपला येतील म्हणून. आल्या टाळ्या. चादरवाला जादूगार उभा राहून टाळ्या पिटत होता. डबेवाल्याला काही दिसत नव्हतं, तरी त्याचे डोळे भरून आले असं त्याला धरणाऱ्यानं सांगितलं. मानसिंगरावांनी माईक ओढून खुलासा केला: मंगळाला दोन चंद्र आहेत, त्यामुळं तिथं दोन ताल एकाच वेळी चालणार, हे उघडच आहे. त्यांनी ते कुठंतरी वाचलं होतं, किंवा तिथल्या तिथं सुचलं होतं. विज्ञानात दोन्ही चालतं. मग ते खाजाभाईंच्या कानाला लागले. मुंबईचे पाहुणे खूश आहेत, पुढच्या महिन्यात तिथला मेळावा, मोठं थिएटर, हजार खुर्च्या. फक्त आत्ता वाजवलंत तसंच त्यांच्यासाठी इथं लगेच पुन्हा एकदा होऊ द्या.

हजार खुर्च्या. खाजाभाईंनी क्लॅरोनेट ओठांना लावलं. वाकडं वाजवायला काय लागतं? नुसतं बसून राहायचं. त्यांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं. हुसेनबी जमिनीकडं बघत होती. उंबऱ्यातले सगळे तुकडे तिला पाठ होते, आणि आज यांनी त्यांचा काय चुरा केला, हे त्या हॉलमध्ये तिला एकटीलाच कळलं होतं.

तिनं मान वर केली आणि घरात म्हणावं तसं म्हणाली, "कैकू बैठे जी? उठो. चलते बजाव."

खाजाभाई उठले. बँड उठला. सिद्धप्पानं ड्रमचा पट्टा गळ्यात घातला आणि त्याच्या तोंडावर रंग आला. स्टेजच्या पायऱ्या उतरून डावा पाय पडला, टिपरी पडली, आणि खुर्च्यांच्या कडेकडेनं शाही ब्रास बँडनं हॉलला फेरा घातला. मुलतानी उलगडायला लागला. दुसऱ्या फेरीत तो असा भरला की भिंतीवरच्या पाली जागच्या जागी थांबल्या, असं म्हणतात.

माणसं मात्र थांबली नाहीत. चालता बँड दिसताच मंगळवासी बनून आलेल्या दोघांनी सवयीनं नाचायला रुमाल काढले. पण ही चाल नाचायची नाही हे कळल्यावर ते खट्टू झाले. जादूगार म्हणाला, हे तर आपल्याकडचंच वाटतंय. तेवढ्यात बाहेर चहा आणि भजी आली. तिसऱ्या फेरीला निम्मा हॉल उठला. चौथ्या फेरीला मुंबईचे पाहुणे गेले, त्यांना पोचवायला मानसिंगराव गेले, आणि जाता जाता हात हलवून मुंबईचं रद्द असं सांगून गेले.

शेवटचा सूर खाजाभाईंनी पहिल्या रांगेपुढं सोडला. हॉलभर खुर्च्या होत्या आणि एकच भरलेली होती. हुसेनबी हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. सूर पुरता विझेपर्यंत ती हलली नाही. मग उठून तिनं बुरखा सारखा केला.

"तिसरे फेरे में घाई करे," ती म्हणाली.

खाजाभाईंनी जरा विचार केला. केली होती खरी. गंधारावर थांबायचं, ते थांबले नव्हते. बाहेर भज्यांवर झुंबड उडाली होती. त्यातून वाट काढत ते तिच्यामागं निघाले, आणि पायऱ्या उतरताना त्यांच्या मनात आलं, घोड्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.