अल्लाउद्दीनची विलायत

“शिलिंगाला तिकडं शिलिंग म्हणायचं न्हाय, बॉब म्हणायचं!” त्र्यंबकच्या डोक्यावरच्या फेट्याचा पीळ आवळत अल्लाउद्दीन म्हणाला.

“ठाऊक आहे, चाचा,” त्र्यंबक म्हणाला. “जोतीरामनं सांगितलं. नारळही त्यालाच देऊन आलो. फेटा मात्र तुमच्याच हातचा हवा.”

झालं! अल्लाउद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विलायतेच्या बादशहाच्या राज्यारोहणाला सरदारांचे फेटे बांधायला तो लंडनला जाऊन आला होता. तेव्हापासून कोल्हापुरातून तिकडे निघालेला माणूस त्याच्यापुढे नारळ ठेवायचा आणि तिथली रस्त्यावरची बोली शिकून जायचा. आता हा वकिलाचा मुलगा बॅरिस्टर व्हायला निघाला, आणि नारळ गेला कुणाला? तर लढाईत पाय गमावून तिकडच्या इस्पितळातून परतलेल्या जोतीरामला!

“जळून कोळसा झालाय तुमचा,” त्र्यंबक गेल्यावर त्याची बायको अमीरबी आतून म्हणाली.

“व्हय, झालाय!” म्हणत अल्लाउद्दीन तडक जोतीरामच्या घरी निघाला.

ओट्यावर ही गर्दी! जोतीराम सांगत होता, “च्या देणारी बाई ‘लव्ह’ म्हणाली तर लाजू नगासा. ती समद्यास्नीच म्हणती!”

हशा पिकला. हे अल्लाउद्दीनलाही ठाऊक होतं. पण अमीरबीच्या देखत सांगायची सोय कुठे होती? त्याला आता जोतीरामच्या कुबडीचाही हेवा वाटू लागला. माणसं तिच्यासाठीच जमतात, असं त्याच्या मनाने घेतलं.

“काय पावणं,” तो मोठ्याने म्हणाला, “लंडनचा एक तरी रस्ता चालून बघितलायस काय? सांग की समद्यास्नी!”

सगळ्यांच्या नजरा कुबडीकडे वळल्या.

“न्हाय, चाचा,” जोतीराम म्हणाला. “बोटीवरनं गाडीत, गाडीतनं खाटंवर. बोलणं शिकलो ते मलमपट्टी करणाऱ्या बाईकडनं. खिडकीतनं एक भित्त दिसायची, बास.” मग त्याने मान वर केली. “तुमी तर चालून आलाईसा. कसा हाय वो रस्ता?”

अल्लाउद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीतरी सरकून जागा दिली. तो जोतीरामशेजारी टेकला.

“लाकडाचं ठोकळं बसवल्यात,” तो म्हणाला. “पाऊस झाला की घोडी घसरत्यात.”

“आन् मग?”

“मग डाव्या हाताला वळायचं.” अल्लाउद्दीनने हाताने वळण दाखवलं. “घाई न्हाय. दमानं चालू.”