शेतीपुरतं गणित

"हरभरा सोंगतीस का त्याच्यावर सूड उगवतीस?" उदाजीरावांनी बांधावरून विचारलं, पण बकुळाचा विळा थांबला नाही. आदल्या दिवशी लेकीला घेऊन ती इंदूरला जाऊन आली होती, आणि आल्यापासून नवऱ्याशी अवाक्षर बोलली नव्हती.

"सुमीबी तोंडाला कुलूप घालून बसलीय. झालं काय?"

बकुळा उभी राहिली. "माझ्या भावानं माझा गळा कापला. सख्ख्या भावानं. ऐकलंत? आता जा, गावभर सांगा."

सोनकच्छपासून कोसभर आत हे गाव. देवास संस्थानच्या काळात आलेली मराठ्यांची चार घरं, बाकी सगळे खाती आणि चौधरी, माळव्यातल्या शेतकरी जातींचे. बकुळा चौथी शिकलेली. पण तिची सुमंगला गणितात अशी, की मास्तर फळ्याकडे वळायच्या आत हिचं उत्तर तयार. दहावीत असताना देवासच्या प्रदर्शनात तिनं कम्प्युटर पाहिला. हे शिकवतात कुठं, असं तिथल्याच माणसाला विचारून आली. इंदूरच्या इंजिनेरी कॉलेजात, तो म्हणाला. तेव्हापासून पोरीचा एकच धोशा.

दत्ताजी, बकुळाचा थोरला भाऊ, सोनकच्छच्या शाळेत गणिताचा मास्तर. देव्हाऱ्यानंतर घरात त्याचाच शब्द. अकरावीला विषय निवडायच्या वेळी त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "कृषि घे, सुमे. त्यात विज्ञान हाय, गणितबी हाय. इंदूरला समदं चालतं, मी सोता विचारून आलोय. गणित गटात नुसती पोरं, त्यांच्यात तू एकटी कशाला?" सुमी अडखळली होती. तिला गप्प केलं ते बकुळानंच. "मामा खोटं सांगंल व्हय गं?"

आता बारावीची परीक्षा तोंडावर आली, म्हणून मायलेकी प्रवेश परीक्षेचा अर्ज आणायला इंदूरला गेल्या. खिडकीतला बाबू भला माणूस होता. सुमीचे विषय ऐकून त्यानं चष्मा काढला.

"बाईसाब, कम्प्यूटर हो या सिविल, बारहवीं में गणित, भौतिक, रसायन तीनों पूरे चाहिए. कृषिवालों को तो परीक्षा में बैठने ही नहीं देते."

"पर भिया, गणित है ना इसमें!"

"वो तो खेती जित्ता गणित है, बाई. बीज का, खाद का." मग तो सुमीकडे वळला. "किसने दिलवाया ये विषय?"

"मामा ने."

"क्या करते हैं मामा?"

"गणित पढ़ाते हैं," सुमी म्हणाली.

बाबूनं मान खाली घातली. त्याची ती खाली गेलेली मान बकुळाला थपडेसारखी लागली.

एवढं सांगून झालं तेव्हा उदाजीराव ढेकळावर बसले होते. हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबट आंबेनं बकुळाच्या बोटांच्या चिरा चुरचुरत होत्या. तशाच हातांनी तिनं पदर खोचला आणि सोनकच्छची वाट धरली.

दत्ताजी ओसरीवर होता. "ये, बकू! चहा टाकायला सांगू?"

"दादा, कृषिवर इंजिनेरी व्हत न्हाई, हे तुला ठावं व्हतं?"

तो आधी हसला. मग हसू विरलं. "बस तर खरी. माझा रत्नाकर म्याट्रिकला दोनदा गचकला. तूच पाळण्यात शब्द दिलावतास ना, सुमी माझी सून म्हणून? इंजिनेर झालेली पोर त्याला हूं म्हणाली असती? कृषि शिकली, आता शेती बघंल, घर बघंल. घरची लेक घरातच राहील. मी वाईट काय केलं?"

"तुझ्या पोराची उंची वाढंना, म्हणून माझ्या पोरीचे पाय तोडलेस."

"बकू, मी तिचा मामा हाय!"

"म्हणूनच तर इस्वास ठेवला. कुंपणानंच शेत खाल्लं, दादा." ती ओसरीवरून उतरली. "तो पाळण्यातला शब्द मी आज परत घेतला."

उदाजीराव म्हणाले, झालं गेलं सोडा, दुसरं स्थळ बघू. बकुळानं ऐकलं नाही. सुमी कृषि घेऊन बारावी पास झाली, आणि जुलैत शाळा उघडल्याबरोबर बकुळा तिला घेऊन प्राचार्यांपुढे उभी राहिली. पास झालेली मुलगी पुन्हा अकरावीत, गणित गटात? प्राचार्य म्हणाले, असं कधी झालं नाही.

"कायद्यानं बंदी हाय का?" बकुळानं विचारलं.

बंदी नव्हती. गावात मात्र हसं झालं. लोक म्हणाले, उदाजीची पोर जिना चढून पुन्हा खाली उतरली.

पहिल्या दिवशी बकुळा तिला शाळेपर्यंत पोचवायला आली. काळ्या मातीनं दोघींच्या चपला जड झाल्या होत्या. गणिताच्या वर्गात सगळी सुमीहून लहान पोरं. दत्ताजी खडू घेऊन आत आला आणि तिला पाहून जागीच थबकला.

"तू हितं कशाला?"

सुमी उभी राहिली. "गणित शिकायला, सर."

तिनं मामा म्हटलं नाही. दत्ताजीनं खिडकीबाहेर उभ्या बहिणीकडे पाहिलं. बकुळानं नजर हलवली नाही. शेवटी तोच फळ्याकडे वळला आणि लिहू लागला. पहिली दोन अक्षरं वाकडी आली.

परतीच्या वाटेवरच भावाचं घर. भावजय दारात तांदूळ निवडत होती. "वन्सं, या ना!"

बकुळाचे पाय सवयीनं पायरीकडे वळले. तिनं ते आवरले, चिखल तुडवत तशीच पुढं गेली, आणि घर मागं पडल्यावर मग पदरानं डोळे पुसले.