उलट वाचलेलं लेबल

औषधाच्या कारखान्यात लेबलं तपासणारी ती बाई अकरा वर्षं एकाच खिडकीशी बसत होती. कागदावर जुळवलेला मजकूर छपाईला जाण्याआधी शेवटची नजर तिची. हाताखाली घेतलं त्या पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला कामाची रीत शिकवली होती: लेबल शेवटून वाचायचं. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा, असं करत वरपर्यंत. सरळ वाचलं की माणूस अर्थाच्या नादी लागतो, आणि अर्थ कळला की डोळा चुकीवरून घसरतो, असं साहेबांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. एकदा दशांशचिन्ह एक घर सरकलेलं तिनेच पकडलं होतं, नाहीतर पोरांना दहापट औषध गेलं असतं. तिच्या हातून गेलेलं एकही लेबल कधी परत आलं नाही. याचा तिला अभिमान होता, आणि तो तिने लपवलाही नव्हता.

घरी नवरा आणि सासरे. सासरे निवृत्त शिंपी, दोनदा मोजल्याशिवाय कात्री न लावणारे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांची मूत्रपिंडं निम्मीच चालतात. तेव्हापासून घरात पाणी मापाने आणि मीठ चिमटीने चाले. हे सगळं तीच सांभाळायची, डोळ्यांत तेल घालून.

सासऱ्यांना बद्धकोष्ठाचा त्रास. सकाळी ते संडासात शिरले की तासभर बाहेर येत नसत आणि घरातली सगळी घाई त्या दाराशी येऊन थांबे. नवरा मोजे घालून येरझाऱ्या घालायचा. तिच्या कारखान्यात पोट साफ करायचं एक सिरप बनायचं, दुधासारखं पांढरं, गोडसर. ते कुठल्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळे. लेबल वाकडं चिकटलेल्या बाटल्या बाजारात जात नसत, कामगारांना वाटून टाकत. फुकट ते पौष्टिक, म्हणत तीही दोन घेऊन आली.

पहिल्याच रात्रीच्या दोन चमच्यांनी गुण आला. सासऱ्यांनी दोन दिवस सुनेचं कौतुक केलं, आणि ते सहसा कौतुक करणारे नव्हते. मग रोज रात्री जेवणानंतर दोन चमचे हा नेमच झाला, बाटल्या संपल्या की ती आणखी आणायची. पाचेक महिन्यांत सासरे मंद होत गेले. बोलता बोलता डुलकी लागे, जीभ जड झाली, सुईत दोरा ओवायचं त्यांनी सोडून दिलं. वय झालं, असं नवरा म्हणाला, शेजारीही म्हणाले. जेवण कमी झालं तसं पोट पुन्हा अडलं, म्हणून तिने दोनाचे तीन चमचे केले.

एका दुपारी ते खुर्चीतून उठेनात. डोळे उघडे, पण हाक मारली तरी उत्तर नाही. नाडी इतकी सावकाश की पुढचा ठोका येतो की नाही असं वाटावं. रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणकोणती औषधं चालू आहेत? तिने रक्तदाबाची गोळी सांगितली. आणखी काही? तसं काही नाही, ती म्हणाली, पोटाचं एक सिरप आहे, आमच्याच कारखान्यातलं, साधंच.

"त्यात काय असतं?"

तिने तोंड उघडलं आणि शब्द शेवटून येऊ लागले. नये. घेऊ. विचारल्याशिवाय. डॉक्टरांना. डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. मग तिने पेन मागून घेतलं आणि एका कागदावर खालची ओळ आधी, वरची नंतर, असं अख्खं लेबल उतरवलं. एकही अक्षर चुकलं नाही. कागद समोर धरून तिने ते वरून खाली वाचलं, आयुष्यात पहिल्यांदा.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. लिक्विड पॅराफिन. सलग सात दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये. आडवे पडून घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पुढचं कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तरी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की धडधाकट माणसाचं शरीर जास्तीचं मॅग्नेशियम लघवीवाटे टाकून देतं, यांचं टाकू शकत नव्हतं, ते रोज थोडं थोडं रक्तात साठत गेलं. शिरेतून कॅल्शियम दिलं, यंत्रावर रक्त शुद्ध केलं. नवरा बाकावर तिच्या शेजारी बसून होता. तू रोज तेच वाचतेस ना, एवढंच त्याने विचारलं. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

चौथ्या दिवशी सासरे उशीला टेकून बसले, नीट बोलू लागले. तिने त्यांना सगळं सांगून टाकलं. माझ्या हाताने तुम्हाला विष पाजलं, बाबा, म्हणाली आणि रडली.



"मी वाचलं होतं ते," सासरे म्हणाले. "पहिल्याच दिवशी. भिंग लावून."

"मग घेतलंत कशाला?"

"तू आणलं होतंस. म्हटलं, ही तिथं बसून दिवसभर हेच वाचते, हिला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हाताऱ्याचा विश्वास नाही."

तेवढ्यात परिचारिका आली, छोट्या पेल्यात कसलंसं औषध ठेवून पुढच्या खाटेकडे गेली. सासऱ्यांनी पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिच्याकडे पाहिलं.

"घेऊ ना?"

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. त्यांच्या हातातला पेला तिने काढून घेतला आणि परिचारिकेच्या मागे गेली.