ओळ एक्केचाळीस

नव्याची नवलाई नऊ दिवस, असं म्हणतात. माझे ते नऊ दिवस संपून आता अकरा वर्षं झाली. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडाला आहे, 'क'ची कळ घासून गुळगुळीत झाली आहे आणि बिजागरी कुरकुरल्याशिवाय उघडत नाही. पण मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मला तुम्हाला तीन दिवसांची गोष्ट सांगायची आहे. त्या तीन दिवसांत मी सारखा बोलत होतो आणि कुणालाही ऐकू येत नव्हतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकता सरकता माझ्या अंगात एकेक भाग बसत गेला. शेवटी एका बाईंनी माझी प्रत्येक कळ दाबून पाहिली, स्पीकरमधून एक सूर वाजवून घेतला आणि मान हलवली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

पुढे सहा वर्षं मी एका मालवाहतुकीच्या कचेरीत राबलो. कुठला ट्रक कधी सुटला, कुठे पोचला, सगळं मला तोंडपाठ असायचं. "हा गडी दमत नाही," असं तिथला कारकून म्हणायचा. मग नवे, सडपातळ लॅपटॉप आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. दोन वर्षं मी तिथे एका बिनपात्याच्या पंख्याशेजारी धूळ खात पडलो होतो. त्यानंतर कंपनीने मला परत नेलं, झाडूनपुसून, चार भाग बदलून आपल्या दुकानात मांडलं आणि वर तीन वर्षांच्या मोफत दुरुस्तीचं सेवापत्र दिलं. तिथून मला गणिताचे एक शिक्षक घेऊन आले. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणतो.

सरांच्या घरी मोजून दोन माणसं. सर आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. सरांचा आवाज असा दणदणीत, की ते पाढे म्हणू लागले की शाळेबाहेरच्या झाडावरचे कावळे उडायचे. अक्का म्हणायची, "हळू बोल रे, माझे कान काही भाड्याचे नाहीत!"

वर्षभरातच मी धापा टाकू लागलो. माझ्यातली मूळची प्रणाली फुगत गेली आणि माझी ताकद तेवढीच राहिली. तेव्हा सरांना एक मंडळ सापडलं. मंडळ म्हणजे इंटरनेटवर जमणारी माणसं, लिनक्स वापरणारी. लिनक्स ही संगणक चालवणारी एक प्रणाली आहे. ती जगभरच्या कितीतरी माणसांनी मिळून घडवली आहे आणि ती कुणीही घ्यावी, वापरावी, दुसऱ्याला द्यावी. मंडळात एकाचं अडलं की तो प्रश्न लिहितो आणि ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देतो. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांच्या सांगण्यावरून सरांनी माझ्यात लिनक्स घातलं आणि मी पुन्हा हरणासारखा नाही, पण निदान बैलासारखा नेटाने चालू लागलो.

मागच्या वर्षी सरांच्या घशाला मोठा आजार झाला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. कायमचा. घरी परतल्यावर सर पाटीवर लिहून बोलू लागले. मी पाहत होतो. त्यांनी दोन शब्द लिहिले की समोरचा माणूस घाईघाईने पुढचं वाक्य स्वतःच पुरं करायचा, आणि ते बहुधा चुकीचं असायचं. सर पाटी पुसायचे आणि बाजूला ठेवून द्यायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पण हार मानतील तर ते सर कसले! त्यांनी मंडळाला विचारून माझ्यात वाचून दाखवणारा प्रोग्राम बसवला. सर लिहायचे आणि मी बोलायचो. सुरुवातीला माझा 'ळ' लुळा पडायचा. मी 'फळा'ला 'फला' म्हणायचो आणि अक्का पोट धरून हसायची. सरांनी न कंटाळता मला चारशे शब्द सुधारून शिकवले. माणसाने यंत्राला बोलायला शिकवावं आणि यंत्राने त्या माणसासाठी बोलावं, यापेक्षा मोठा मान मला कुठे मिळणार होता?

मग सर मला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई मनाने चांगल्या होत्या, पण त्यांना खात्री वाटत नव्हती. त्या म्हणाल्या, "सर, सोमवारी आठवीवर एक तास घ्या. मी आणि शाळा समितीचे दोघं मागे बसू. जमलं तर वर्ग तुमचा. नाही जमलं, तर तुम्ही ग्रंथालय सांभाळा. राग मानू नका." ग्रंथालय काही वाईट नसतं, मित्रांनो. पण सरांना फळा हवा होता.

आता घडलं ते नीट ऐका. गुरुवारी सर रिकाम्या वर्गात तासाचा सराव करत होते. शेजारच्या वर्गाला त्रास नको म्हणून त्यांनी माझ्या कानात, म्हणजे बाजूच्या भोकात, इयरफोन घातला होता. घंटा झाली. सरांनी घाईने वायर तिरकी ओढली आणि न बघता खिशात कोंबली. कट्‌ झालं. इयरफोनच्या पिनेचं टोक तुटून माझ्या आत राहिलं. तांदळाच्या दाण्याएवढं असेल, पण मला वाटत राहिलं की इयरफोन अजून लावलेलाच आहे. आणि इयरफोन लावला असेल तर स्पीकर बंद ठेवायचा, हे मला जन्मापासून शिकवलेलं. घरी आल्यावर सरांनी माझं अपडेटही केलं. त्यानंतर त्यांनी लिहिलं, "अक्का, आज सराव छान झाला." मी ते बोललो. अक्काने वरही पाहिलं नाही.

सरांनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा बोललो, नसलेल्या कानांशी. सरांचा चेहरा उतरला. आवाज दुसऱ्यांदा गेला होता.

शुक्रवारी अक्काने कंबर कसली. सेवापत्राचे अजून दोन महिने बाकी होते. तिने कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत वाजलं. मध्ये मध्ये एक गोड आवाज "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं सांगून जायचा. शेवटी एक माणूस आला.

"मॅडम, नोंदणी तुमच्या नावावर नाहीये. ज्यांच्या नावावर आहे त्यांना बोलायला द्या."

"अहो, त्याला बोलता येत नाही. घशाचं ऑपरेशन झालंय."

"काही हरकत नाही. ते आले की फोन करायला सांगा."

"आले की म्हणजे? इथेच बसलाय तो माझ्यासमोर!"

"मग त्यांना फक्त एकदा 'हो' म्हणू द्या, मॅडम. संभाषण रेकॉर्ड होतं."

सरांनी फोन घेतला आणि बोटाने त्यावर दोनदा टकटक केलं.

"मॅडम, तुमचा आवाज येत नाहीये," पलीकडचा माणूस म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मग सरांनी कंपनीच्या साइटवर लिहून विचारलं. तिकडून पहिला प्रश्न आला, कोणती प्रणाली? सरांनी लिनक्स लिहिलं. उत्तर आलं, की मूळ प्रणाली काढल्यामुळे मदत करता येणार नाही. सर शांतपणे लिहू लागले, की आवाजाचा भाग यंत्राचा आहे, निदान तो तरी तपासा. वाक्य अर्ध्यावर असतानाच पडद्यावर अक्षरं आली, 'आपल्याकडून प्रतिसाद न आल्यामुळे संवाद बंद करत आहोत. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

"तारे?" अक्का कडाडली. "भरदिवसा दाखवलेत ना, तेवढे पुरेत!"

कुणी म्हणेल, फोन होता की, त्यावरून बोलायचं. अक्कानेही सुचवलं. पण त्या इवल्याशा कळांवर सरांची बोटं वर्गाच्या वेगाने चालत नव्हती, आणि फोनचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता. सरांनी पाटीवर लिहिलं, "मंडळाला विचारतो." आणि बाह्या मागे सारून बसले.

त्यांनी प्रश्नाला नाव दिलं, 'अपडेटनंतर आवाज गेला'. झालं! सगळं मंडळ अपडेटच्या मागे लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! सगळ्यात पुढे होते 'ओव्हरसियर'. मंडळात प्रत्येकाचं असं टोपणनाव असतं. ओव्हरसियर सेवानिवृत्त गृहस्थ, मदतीला सदा तयार, आणि त्यांची उत्तरं पानभर लांब. "ही आज्ञा द्या. आता ही द्या. जे छापून येईल ते सगळं इथे चिकटवा." शनिवारभर सरांनी बावीस आज्ञा दिल्या आणि मी बावीसही पाळल्या. त्यातल्या एका आज्ञेवर मी माझ्या प्रकृतीच्या साठ ओळी लिहून दिल्या. एक्केचाळिसाव्या ओळीत मी स्वच्छ लिहिलं होतं, 'हेडफोन: जोडलेला आहे.' सरांनी साठच्या साठ ओळी मंडळात चिकटवल्या. कुणी वाचल्या? कुणीच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मित्रांनो, तेव्हा मला सरांचं दुःख खऱ्या अर्थाने कळलं. आपण लिहून द्यावं आणि समोरच्याने न वाचताच पुढे जावं, हे किती बोचतं!

रविवारी सकाळी ओव्हरसियरांनी हात टेकले. "सगळं पुसून लिनक्स नव्याने टाका," त्यांनी लिहिलं. मी हादरलो. सगळं पुसायचं म्हणजे सरांनी शिकवलेले चारशे शब्द जाणार, सोमवारचा तास जाणार, आणि एवढं करूनही आवाज येणार नाही, कारण दुखणं भलतीकडेच होतं. सरांनी बराच वेळ विचार केला. मग नव्या लिनक्सचा पेन ड्राइव्ह माझ्या अंगाला लावला. अक्का शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आधी दोन घास खाऊन घे. उपाशीपोटी माणूस पुसू नये ते पुसतो."

सर जेवायला उठले आणि तेवढ्यात मंडळात एक नवं उत्तर उमटलं. लिहिणारीचं टोपणनाव 'सुईदोरा'. त्या शिवणयंत्रं दुरुस्त करायच्या आणि महिन्यातून एखादी ओळ लिहायच्या. त्यांनी लिहिलं होतं, "ओळ एक्केचाळीस वाचा. तुम्ही इयरफोन लावला आहे का?"

सर हात पुसत आले. त्यांनी लिहिलं, "नाही."

"मग एक तर यंत्र चुकतंय, नाही तर आपण. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा आपणच असतो. इयरफोन शोधा आणि त्याचं टोक बघा."

सरांनी खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला. इयरफोन बाहेर आला. पिनेला टोक नव्हतं. सर इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, पण अक्का धावत आली.

पुढचा उपायही सुईदोऱ्यांचाच. रिकाम्या रिफिलीचं तोंड मेणबत्तीवर किंचित मऊ करायचं, भोकात सरळ घालून तुटक्या टोकावर दाबून धरायचं आणि गार झालं की अलगद ओढायचं. अक्काचा हात स्थिर. पहिल्यांदा रिफील वाकली. दुसऱ्यांदा ती रिकामीच बाहेर आली. "मी काही उठत नाही इथून," अक्का म्हणाली आणि तिने तिसरी रिफील घेतली. या वेळी ते चिमुकलं टोक तिला चिकटून आलं. सरांनी लिहिलं, "अक्का, चहा." आणि मी मोठ्याने बोललो, "अक्का, चहा!" अक्काने पदर डोळ्यांना लावला. चहा मात्र त्या दिवशी सरांनीच केला.

सोमवारी आठवीचा वर्ग भरला. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बाई आणि समितीचे दोघे. विषय होता त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज. सरांनी मुलांना कागदाचे त्रिकोण कापायला लावले, कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवायला लावले. मी बोलत होतो, सर फळ्यावर काढत होते. माझा 'ळ' एकदा घसरला आणि वर्ग खुदकन हसला. मग एका मुलाने अवघड प्रश्न विचारला, "सर, त्रिकोण फुग्यावर काढला तर?"

सरांचे डोळे चमकले. ते माझ्यापाशी आले आणि लिहू लागले. उत्तर मोठं होतं. अर्धं मिनिट गेलं. समितीतल्या एका गृहस्थांना राहवलं नाही. ते उठून म्हणाले, "सरांना असं म्हणायचंय, की..."

पहिल्या बाकावरची एक मुलगी गर्रकन मागे वळली. "थांबा ना," ती म्हणाली, "सर बोलतायत."

सर तर नुसतं लिहीत होते. मी अजून एक अक्षरही उच्चारलं नव्हतं. ते गृहस्थ खाली बसले. सरांची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली, आणि सगळा वर्ग वाट पाहत राहिला. तास संपल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी आठवीचं हजेरीपुस्तक सरांच्या हातात दिलं.

घरी आल्यावर चपला काढून सर आधी मंडळात गेले. 'सुटलं, धन्यवाद' एवढंच लिहून पळणारे पुष्कळ असतात. सरांनी तुटक्या टोकापासून तिसऱ्या रिफिलीपर्यंत सगळं क्रमाने लिहिलं आणि प्रश्नाचं नाव बदललं. ओव्हरसियरांनी खाली एकच ओळ लिहिली, "ती ओळ मी वाचलीच नव्हती. माफ करा." त्यांचं आजवरचं सगळ्यात छोटं उत्तर.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालेन असं नाही. पण चालेन तोवर आठवीचा तास बुडू देणार नाही. तुमच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. आमच्या वायरी सरळ धरून काढा. तुमची अडचण सुटली तर कशी सुटली ते मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवा. आणि कुणी हळूहळू लिहून काही सांगत असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा ना. तो बोलतोय.