दुसरी किल्ली

लातूरच्या क्लासमध्ये विरूपाक्ष सर फिजिक्स शिकवायचे, पण पोरांच्या ध्यानात राहायचं ते वेगळंच. खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या. चुकलं की मार्क कापतात, कोरं ठेवलं तर कुणी काही कापत नाही. सरांना स्वतःला हे इतकं पटलेलं की भाजीसुद्धा बायकोला विचारून घेत.

टेस्टचा पेपर फुटला. क्लासचे मालक बसलिंगप्पांनी जलीलभाईला बोलावलं, सरांनाही. पेपर छापून कपाटात ठेवायचं काम त्याचं. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक जलीलभाईकडं, दुसरी सरांच्या पिशवीत. सरांच्या पिशवीवर कोण संशय घेणार?

सरांनी मात्र आदल्या सांजेलाच त्या पेपरचा फोटो पाहिला होता, महांतेशच्या मोबाइलवर. महांतेश त्यांचा मुलगा, दुसऱ्यांदा नीटला बसणारा. सांगावं तर पोराचं नाव गावभर होणार. न सांगावं तर जलीलभाईची भाकरी जाणार. आणि किल्लारीत भूकंपात घराचं मातीचं माळवद अंगावर आलं, तेव्हा औशाहून धावत आलेल्या याच जलीलनं शाळकरी विरूपाक्षला हातानं उकरून काढलं होतं. आत कोण आहे, कुणाचा आहे, काही विचारलं नव्हतं.

"सर, तुम्हीच सांगा," बसलिंगप्पा म्हणाले. "याला कामाला तुम्हीच लावलं."

सरांनी चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"तसं खात्रीनं काही सांगता येत न्हाई."

जलीलभाईनं किल्ली टेबलावर ठेवली.

सरांनी त्याला जिन्यात गाठलं. "दोन दिस थांबा, जलीलभाई. मालकाशी कसं बोलावं, विचार करायलोय."

"करा की. तुमचं डोकं लई चांगलं हाय." तो चपला घालत होता. "दुसरी किल्ली कुणी नेली, मला ठाव हाय. लेकरू हाय. त्याला लवकर उकरून काढा, विरूपाक्ष. मातीखाली मानूस लई वेळ दम धरत न्हाई."

"मग आत का बोलला न्हाईत?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

जलीलभाई लेकीकडं नांदेडला गेला. सरांचा विचार चालूच राहिला.

पुढं एकदा जेवताना महांतेश म्हणाला, "अप्पा, जलीलचाचा दिसत न्हाईत."

सरांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी घास घेतला, त्याबरोबर तेही गेलं.

"नांदेडला असतेत आता."

"हाव का."

सरांनी खुंटीकडं पाहिलं. पिशवी तिथंच होती, किल्लीसकट. महांतेशही तिकडंच बघत होता.