मोहावरचा घोयरा

शालिकरामने लालभडक सळई चुलीतून ओढली, तशी रुक्मा नवऱ्याच्या पायांवर आडवी पडली.

"थांबा भाऊ! चावल्याचं कोणी पाह्यलं का?"

"पाह्याले कायले लागते, वहिनी? मोहाच्या झाडावर घोयरा होता, त्याच फांदीखाली देवीदास पडला. त्याच्या इखावर डागण्याबिगर उपाय नाई."

भिलाईत कारखान्यासाठी रान मोकळं करणारी ती टोळी. देवीदास सकाळपासून वैशाखाच्या उन्हात कुऱ्हाड चालवत होता. आता त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं, डोळे फिरले होते, आणि घामाचा टिपूस नव्हता. हे ऊन लागलंय, असं रुक्माला वाटत होतं. दवाखान्याकडे जाणारा ट्रक रस्त्यावर उभा होता. पण तिचं ऐकणार कोण? आणि तीच चुकली तर?

ती उठून तोडून आडव्या पाडलेल्या मोहाकडे गेली.

घोयरा फांदीला शेपटीचा वेढा घालून बसला होता. हिरवागार, चपटा सरडा, डोक्यावर टोपरं घातल्यासारखा उंचवटा. एक डोळा तिच्यावर, दुसरा मागे फिरलेला. तिने हात पुढे केला. तो फुगला, फुसकारला, अंगावर काळे ठिपके उमटले. रुक्माने डोळे घट्ट मिटले आणि त्याच्या उघड्या जबड्यात बोट घातलं.

चिमटा बसला.

"वहिनी!" शालिकराम ओरडला.

ती तिथेच बसून राहिली. छाती धडधडत होती. भीतीने की विषाने, कळेना. जीभ जड होतेय का हे पाहायला तिने नवऱ्याचं नाव पुटपुटलं, उखाण्याबाहेर पहिल्यांदाच.

घोयरा तिला केव्हाच विसरला होता. वाऱ्यावरच्या पानासारखा डुलत तो एक पाऊल सरकला, दोन्ही डोळे एका नाकतोड्यावर आणले, आणि अंगाएवढी लांब जीभ सपकन बाहेर येऊन आत गेली. मग तो निवांत चावत बसला.

रुक्मा उठली. बोट शालिकरामसमोर धरलं.

"मले काई झालं नाई. आता त्याईले ट्रकमधी घाला."

शालिकरामने सळई मातीत टाकली.

दवाखान्यात डॉक्टरांनी देवीदासला ओल्या चादरीत गुंडाळलं. "लू लगी है," एवढंच ते म्हणाले.

दिवस कलताना त्याने डोळे उघडले, पाणी मागितलं. रुक्माने पेला त्याच्या ओठांशी नेला. अर्धं पाणी त्याच्या गळ्यावर सांडलं.

"बोटाले का झालं?" त्याने विचारलं.

"काई नाई. काटा रुतला."