आक्का गाडीनं येतीय

सुकन्याबाईंच्या पायाला भिंगरी बांधलीय, असं चाकूरच्या सरकारी दवाखान्यात सगळेच म्हणायचे. तिथं तिनं परिचारिका म्हणून सगळी नोकरी काढली, पण दिवाळीची रजा मंजूर झाली की ती लातूरच्या घरात टिकायची नाही. ही ओढ लहानपणीची. वडील उदगीर डेपोला कंडक्टर. एसटीवाल्यांच्या घरच्यांना पास मिळायचा, आणि शाळेला सुट्टी लागली की सुकन्या आणि तिचा धाकटा भाऊ मृत्युंजय त्या पासावर मनाला येईल तिकडं हिंडायचे. जळकोट, कंधार, देगलूर. उतरून काही बघायचं नसायचंच. खिडकी मिळाली की झालं.

पुढं मृत्युंजय इंजिनिअर होऊन बंगळूरला गेला, सुकन्या लग्न होऊन लातूरला आली, तरी दोघांचा शिरस्ता मोडला नाही. वर्षातून एकदा बहीणभाऊ निघायचेच. कधी तिचे यजमान ईश्वरप्पा भांड्यांचं दुकान बंद ठेवून बरोबर यायचे, कधी मृत्युंजयची बायको समीक्षा. रामेश्वर झालं, द्वारका झाली, पार गुवाहाटी झाली. सगळं रेल्वेनं. विमानाचं नाव काढलं की सुकन्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

विमान पडेल ही भीती नव्हती तिची. ते दार एकदा लागलं की मध्ये कुठं उतरता येत नाही, ही होती. मृत्युंजयनं एकदा हट्टानं नांदेडहून हैदराबादची तिकिटं काढली. ती गेली, बसली, पट्टाही बांधला. दार लावायला घेतलं तशी ती घामानं भिजली, छातीत श्वास मावेना. "मला खाली उतरवा," एवढंच ती म्हणत राहिली. सगळं विमान बघत होतं. मृत्युंजयनं वरची बॅग काढली आणि तिच्यामागं तोही उतरला. बाहेर आल्यावर तिला उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "आक्का, आपल्याला कुठं घाई हाय? रात्रीच्या गाडीनं जाऊ."

त्यानंतर त्यानं विमानाचा विषय कधी काढला नाही. तीच आपली आपण लातूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आली. श्वास कसा घ्यायचा ते शिकली, गोळी लिहून आणली. लिफ्टमध्येही तिला तसंच व्हायचं, ती भीती गेली त्यानं. विमानाची तशीच राहिली. रेल्वे आहे तोवर आपलं काही अडत नाही, असं म्हणून तिनं तो नाद सोडून दिला.

गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला समीक्षाचा सकाळीच फोन आला. मृत्युंजयचं पोट दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं होतं, स्वादुपिंडाला सूज निघाली होती. सुकन्यानं बीपी विचारलं, लघवी किती होतेय ते विचारलं. समीक्षानं सांगितलं, दोन्ही पार खाली आलं होतं. सुकन्या होती तिथंच खाली बसली. असे पेशंट तिनं कितीतरी पाहिले होते, ते पुढं कुठल्या वाटेला लागतात तेही पाहिलं होतं.

"आक्का," समीक्षा म्हणाली, "आज विमानानं या. मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडं. पण आज रेल्वेनं येऊ नका."

"येते," सुकन्या म्हणाली.

ईश्वरप्पांनी दोघांची तिकिटं काढली आणि भाड्याची जीप करून तिला नांदेडला आणलं. वाटेत तिनं गोळी घेतली. तपासणी झाली, बॅगा गेल्या. विमानापर्यंत चालत जायचं होतं. ऊन रणरणत होतं. ती नवऱ्याचा हात धरून नीट चालली आणि शिडीच्या पहिल्या पायरीशी थांबली. पाय उचलेना. मागची माणसं बाजूनं जाऊ लागली. विमानातली एक पोरगी खाली आली, "काकू, मी धरते तुम्हाला," म्हणाली. सुकन्यानं वर पाहिलं. त्या एवढ्याशा दारातून आतला अंधार दिसला आणि ती मागं वळली. ईश्वरप्पा "अगं, अगं" म्हणत मागून आले. बॅगा उतरवून घेईपर्यंत ती एका बाकावर पदर तोंडात धरून बसली होती. विमान गेलं त्याचा आवाज तिनं डोळे मिटून ऐकला.

मग तिनंच फोन लावला. मृत्युंजय बोलू शकत होता, पण त्याला धाप लागत होती.

"जय, मला चढता आलं न्हाई रे."

"मला वाटलंच होतं." तो थोडं थांबला. "नको रडूस. सकाळची गाडी हाय ना नांदेडहून? तिनं ये. मी कुठं पळून चाललोय?"

"तू दम धर."

"धरतो. खिडकी घे."

रात्र त्यांनी नांदेडला ईश्वरप्पांच्या मावसभावाकडं काढली. सकाळी गाडीत बसल्यावर तिनं समीक्षाला फोन लावला, तिनं उचलला नाही. लातूर रोड गेलं, पुन्हा लावला, नाहीच. तिनं मग लावायचं सोडून दिलं. उदगीर जवळ आलं तेव्हा फोन वाजला, तो ईश्वरप्पांचा. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाले, आणि फोन हातात धरून बायकोकडं बघत राहिले. तिला सांगावं लागलं नाही.

"पहाटे गेला," ते शेवटी म्हणाले. "उदगीरला आणून राहिलेत. शेतातच समाधी द्यायची म्हणतीय समीक्षा, आई-आप्पांजवळ. आपल्याला इथंच उतरायला सांगितलंय."

गाडी उदगीरला लागली. ईश्वरप्पांनी बॅगा खाली घेतल्या. सुकन्या जागची हलली नाही.

"ऊठ सुकन्या."

"तुम्ही उतरा. विधीसाठी जंगमांना सांगा, शेतात खड्ड्याचं बघा. मी पुढं जाते."

"पुढं कुठं? तो इकडंच येऊन राहिलाय की."

"अॅम्ब्युलन्स रायचूरवरूनच येणार ना? मी रायचूरपर्यंत जाते. तिथून त्याच्यासंगं येते, समीक्षाला तसं कळवा." ती खिडकीबाहेर बघत होती. "मी येते म्हणून सांगितलं होतं त्याला. अर्ध्या वाटेपर्यंत तरी जाऊ द्या."

ईश्वरप्पांनी पाण्याची बाटली तिच्या मांडीवर ठेवली आणि ते खाली उतरले.

रायचूर स्टेशनच्या बाहेर रिक्षावाल्यांच्या गर्दीत ती रात्र चढेपर्यंत बसून होती. कुणी कानडीत विचारलं, अम्मा, कुठं जायचं, की ती मान हलवायची. रात्री उशिरा अॅम्ब्युलन्स आली. समीक्षा ड्रायव्हरशेजारून उतरली, मागचं दार उघडून दिलं आणि आपणही मागं येऊन बसली. दोघींच्या मध्ये काचेची पेटी. कपाळाला विभूती लावलेली, जबडा कापडानं बांधलेला. सुकन्यानं काचेवर तळवा ठेवला. काच थंडगार होती.

गाडी शहराच्या बाहेर पडल्यावर समीक्षा म्हणाली, "काल संध्याकाळपर्यंत शुद्धीत होते. श्वासाचं मशीन लावायच्या आधी जो आत यायचा त्याला सांगायचे, माझी आक्का गाडीनं येतीय. डॉक्टरला, झाडणाऱ्या मावशीला. सगळ्यांना मराठीतच."

सुकन्यानं काचेवरची वाफ पदरानं पुसली.

"तुम्ही विमानानं आला असता तर भेट झाली असती." समीक्षाच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मला हे म्हणायचं नव्हतं. पण मनात ठेवलं असतं तर तुमच्याशी पुन्हा बोलता आलं नसतं."

"खरं हाय ते," सुकन्या म्हणाली. "झाली असती."

पुढचा सगळा रस्ता ती हात काचेवर ठेवून बसली. उजाडताना उदगीर आलं. शेतात माणसं जमली होती, जंगम आले होते. दुपारच्या आत सगळं उरकलं.

समीक्षा दिवसकार्य करून बंगळूरला परतली. तिची तिथं नोकरी होती. फोन व्हायचे, पण जेवढ्यास तेवढे. सुकन्यानं त्या वर्षी कुठंच पाऊल टाकलं नाही. दिवाळीत ईश्वरप्पांनी म्हैसूरचं नाव काढलं, तर ती म्हणाली, "कुणासंगं जाऊ?" त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला समीक्षाचा फोन आला. अपेंडिक्स सुजलं होतं, त्याच संध्याकाळी ऑपरेशन ठरलं होतं. "शेजारीण आहे सोबत. तुम्हाला नुसतं कळवलं," ती म्हणाली. या म्हणाली नाही, येऊ नका असंही म्हणाली नाही. आक्का येणार नाहीत, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

सुकन्यानं फोन ठेवला आणि कपाटातून दोन साड्या काढल्या. "मला नांदेडला सोडा," तिनं ईश्वरप्पांना सांगितलं. "विमानानं जाते. एकटीच. तुमचा हात धरला तर तुम्हालाच ओढत खाली उतरीन मी."

शिडीपाशी पाय पुन्हा जड झाले. ती समोरच्या माणसाच्या शर्टाच्या पाठीकडं बघत एकेक पायरी चढली. दार लागलं. कानात रक्त धडधडायला लागलं, डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला श्वास कुठल्या कुठं गेला. शेजारी कंधारकडची एक बाई बसली होती, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली.

"मला लई भीती वाटून राहिलीय," सुकन्या तिला म्हणाली. "तुम्ही काहीही बोला. थांबू नका."

बाईनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि आपल्या म्हशीचं सांगायला सुरुवात केली. म्हैस कशी आडमुठी, धार काढताना कशी लाथ मारते, थोरल्या सुनेला कशी जवळ येऊ देत नाही. विमान वर उचललं तेव्हा सुकन्यानं त्या बाईच्या हातात नखं रुतवली. बाई बोलत राहिली. भीती काही गेली नाही, एक क्षणभरही नाही. ती पोटात गोळा होऊन बसून होती, आणि सुकन्या तिच्यासकट बसून होती. म्हैस विकून दुसरी आणली, ती गाभण राहिली, तिला पारडू झालं, तोवर खाली चाकं टेकली.

"आलं?" सुकन्यानं विचारलं.

"आलं की. उतरायचं आता."

माणसं उभी राहून बॅगा काढायला लागली. सुकन्यानं घड्याळात पाहिलं. लातूरहून नांदेडला यायला याच्या दुप्पट वेळ लागला होता. "इतकंच होतं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडायला लागली. कंधारच्या बाईला वाटलं, भीतीनंच रडतेय. "झालं, झालं," म्हणत ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

दवाखान्यात पोचेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. समीक्षाला खोलीत आणलेलं होतं, शेजारीण घरी डबा आणायला गेली होती. सुकन्या पलंगापाशी उभी राहिली. थोड्या वेळानं समीक्षानं डोळे उघडले. ओळखायला तिला जरा वेळ लागला.

"कशा आलात?"

"विमानानं."

समीक्षा बघत राहिली. मग तिनं तोंड भिंतीकडं वळवलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

"टाके ओढतील, हळू," सुकन्या म्हणाली. तिनं पायाकडची चादर नीट केली आणि खुर्ची पलंगाला लावून बसली.